डॉक्टर आलॉइस अल्झायमर
(१८६४–१९१५)

घरोघरी वृद्ध माणसे असतात. त्यांपैकी एखादे आजोबा नुकतेच पानावरून उठले असता आपणांस आज कोणी जेवावयासच वाढले नाही अशी तक्रार करू लागतात. एखादी आजी पोटच्या मुलीला परकी समजून तिला अहोजाहो करते, आणि ज्या घरात चाळीस वर्षे संसार केला त्याच घरात उभी राहून आपणांस घरी पोहोचवा म्हणून विनविते. साठी बुद्धी नाठी ही म्हण उच्चारून आपण आजवर ह्या गोष्टीची वासलात लावीत आलो. म्हण सांगितली म्हणजे कारण सांगितले असे होत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठ्या डॉक्टरांची मजलही ह्यापलीकडे फारशी गेलेली नव्हती. अशा माणसाच्या मेंदूत प्रत्यक्ष काय घडते हे ज्यांनी काचेखाली धरून जगास दाखविले, त्या डॉक्टर अल्झायमर यांचा अल्प परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या आईवडिलांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात माइन नदीच्या काठी मार्क्टब्राइट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १४ जून १८६४ रोजी आलॉइस यांचा जन्म झाला. वडील नोटरीचे काम करीत. कुटुंब रोमन कॅथलिक व सुस्थितीतील होते. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब आशाफेनबुर्ग ह्या मोठ्या गावी येऊन राहिले. आलॉइस यांचा ओढा प्रथमपासून सृष्टिशास्त्राकडे असल्यामुळे त्यांनी वैद्यकाचा मार्ग धरला आणि बर्लिन, ट्यूबिंगेन व वुर्त्सबुर्ग येथील विद्यापीठांत अध्ययन केले. हा तरुण नुसता पुस्तकातील किडा होता असे मात्र कोणी समजू नये. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांच्या रिवाजाप्रमाणे तलवारीचे द्वंद्व खेळताना त्यांच्या डाव्या गालावर मोठी जखम झाली. तिचा व्रण जन्मभर राहिला, आणि म्हणूनच छायाचित्रे काढविताना ते बहुधा उजवी बाजू पुढे करीत.

१८८७ साली त्यांनी पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता कानातील मळ उत्पन्न करणाऱ्या ग्रंथी. आमच्या बालवाचकांस हे वाचून हसू येईल. परंतु ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयाच्या निमित्ताने वुर्त्सबुर्ग येथील सुप्रसिद्ध प्राध्यापक कोलिकर यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे तासन् तास बसण्याची सवय त्यांस जडली, व ती अखेरपर्यंत सुटली नाही.

१८८८ च्या डिसेंबरात ते फ्रांकफुर्ट शहरातील वेड्यांच्या व अपस्माराच्या रोग्यांच्या इस्पितळात साहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाले. हे इस्पितळ हाइनरिख होफमान ह्या डॉक्टराच्या खटपटीने उभे राहिले होते. ह्याच होफमान यांनी आपल्या लहान मुलासाठी लिहिलेले हट्टी पोरांच्या फजितीचे सचित्र पुस्तक युरोपभर मुलांच्या हाती गेले होते. अल्झायमर तेथे गेले तेव्हा एमिल सिओली हे नवे अधिकारी नुकतेच आले होते. वेड्या माणसास कोंडावे, बांधावे, आवरता येईना तर जाड कापडाच्या अंगरख्यात हातपाय जखडून टाकावे, ही तेव्हाची सर्वत्र रीत. सिओली व त्यांचा हा तरुण साहाय्यक यांनी ती मोडण्याचा चंग बांधला. खोल्यांची कुलुपे निघाली, मोठमोठ्या दालनांतून खाटा मांडल्या गेल्या, आणि खवळलेल्या रोग्यास दोरीऐवजी कोमट पाण्याच्या टाकीत बराच वेळ बसवून शांत करण्यात येऊ लागले. रोग्यापाशी बसून त्याचे बोलणे ऐकून घेणे हा अल्झायमर यांच्या दिनचर्येतील मोठा भाग असे. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण पुढे त्यांस जी कीर्ती लाभली ती सूक्ष्मदर्शकामुळे खरी. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली काय शोधावयाचे हे त्यांस रोग्याच्या खाटेशी बसूनच कळले होते.

१८८९ साली फ्रांत्स निस्सल नावाचे दुसरे तरुण डॉक्टर त्याच इस्पितळात आले आणि दोघांचे मैत्र जुळले. मेंदूचा पातळ काप नुसता काचेखाली ठेवला तर तो धुरकट दिसतो. त्यात पेशी कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते हे कळत नाही. त्या वेळी जर्मनीतील कारखाने डांबरापासून नाना तऱ्हेचे कृत्रिम रंग तयार करीत होते. निस्सल यांनी विद्यार्थिदशेतच असे शोधून काढले होते की, मेंदूचा तुकडा मद्यार्कात मुरवून घट्ट केला व त्याच्या कापांवर ह्या रंगांपैकी काहींचे संस्कार केले, तर मज्जापेशींचे अंतरंग लख्ख उठून दिसते. आता अल्झायमर यांस रोग्यांचे ज्ञान आणि निस्सल यांस रंजनाची कला, अशी जोडी जमली. दिवसा दोघे रोग्यांत वावरत, व रात्री दिव्याच्या उजेडात मृत रोग्यांच्या मेंदूचे काप तपाशीत. वाढत्या वयात रोहिण्या कठीण झाल्याने मेंदूस होणारी इजा, तसेच उपदंशाच्या परिणामी बुद्धी व हातपाय लुळे पाडणारा त्या काळचा भयंकर मेंदूविकार, ह्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. पुढे मेंदूच्या बाह्य कवचासंबंधी दोघांनी मिळून जो ग्रंथ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला त्याचे १९०४ ते १९१८ पर्यंत सहा खंड निघाले.

मध्यंतरी त्यांचा सेसिली नावाच्या एका धनवान विधवेशी विवाह झाला होता. दोन मुली व एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली. परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. १९०१ साली सेसिलीबाई निवर्तल्या. सर्वांत धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम पाळण्यातून उतरलेली. अल्झायमर यांची बहीण येऊन राहिली आणि तिने मुलांस आईच्या मायेने वाढविले. घरच्या ह्या आघातानंतर त्यांनी स्वतःस कामात अधिकच गाडून घेतले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्याच्या २५ तारखेस रेल्वेच्या कचेरीतील एका कारकुनाने आपल्या पत्नीस इस्पितळात आणून सोडले. तिचे नाव आउगुस्ते डेटर. वय अवघे ५१ वर्षांचे. म्हणजे तिला म्हातारी म्हणण्याचीही सोय नव्हती. बाई कालपरवापर्यंत टापटिपीने संसार करणारी. प्रथम तिच्या मनात नवऱ्याविषयी विनाकारण संशय उत्पन्न झाला, मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू भलत्याच ठिकाणी लपवून ठेवणे सुरू झाले, आणि शेवटी घरातल्या घरात ती वाट चुकू लागली. दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्यापाशी बसले व प्रश्नोत्तरे टिपून घेऊ लागले. तिला आपले नाव सांगता आले. नवऱ्याचे नाव विचारले तेव्हाही तिने स्वतःचेच नाव सांगितले. दुपारी ती फुलकोबी व डुकराचे मांस जेवीत होती. काय जेवता म्हणून विचारता तिने पालकाची भाजी असे सांगितले. पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखविल्या असता नावे बरोबर सांगे. थोड्या वेळाने काय दाखविले होते हे मात्र तिला मुळीच आठवेना. कागदावर नाव लिहावयास सांगितले तेव्हा श्रीमती ह्या अर्थाचा शब्द कसाबसा लिहून तिचा हात थांबला. पुढे काय लिहावयाचे हे प्रत्येक वेळी तिला सांगावे लागे. आपण स्वतःस कोठेतरी हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे उद्गार ती वारंवार काढी, ह्याचीही नोंद आहे. आपली अवस्था आपणांसच अंधुकपणे उमगत असावी ह्याहून अधिक करुण प्रकार आम्हांस तरी दुसरा सुचत नाही.

येथे आमच्या पालकवाचकांजवळ थोडे विषयांतर करण्याची मुभा मागतो. असा रोगी तोच प्रश्न दहा वेळा विचारतो तेव्हा घरच्यांस तो हेकटपणा वाटतो, आणि मग रागावणे, लहान मुलांनी हसणे हे प्रकार घडतात. पुढील हकीकत वाचली म्हणजे ध्यानात येईल की तो आठवण ठेवीत नाही असे नसून, आठवण जेथे राहावयाची ते स्थळच झिजून गेलेले असते.

१९०३ साली अल्झायमर यांनी फ्रांकफुर्ट सोडले. मनोरोगांचे वर्गीकरण करणारे त्या काळचे सर्वांत नामांकित प्राध्यापक एमिल क्रेपेलिन यांच्यासमवेत प्रथम हायडेलबर्ग व लवकरच म्युनिक येथे ते गेले. म्युनिकच्या नव्या मनोरोग चिकित्सालयात मेंदूच्या शारीर संशोधनाची प्रयोगशाळा त्यांच्याकडे आली. आरंभी त्यांस तेथे वेतन नव्हते. पत्नीमागे राहिलेल्या द्रव्यावर निर्वाह करून ते हे काम करीत. प्रयोगशाळेत देशोदेशींचे तरुण येत. अंगाने भव्य, नाकावर चिमट्याचा चष्मा, तोंडात चिरूट, असे हे गुरुजी एकेका विद्यार्थ्याशेजारी बसून त्याच्या सूक्ष्मदर्शकातून पाहत व समजावीत. समजावण्याच्या भरात चिरूट बाजूस ठेवून ते दुसऱ्याकडे जात आणि तेथे नवा पेटवीत, त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक सूक्ष्मदर्शकापाशी एकेक अर्धवट जळालेला तुकडा पडलेला असे, अशी आठवण त्यांचे शिष्य सांगत. ह्या मंडळींत इटलीचे पेरुसिनी, बोनफिलिओ व चेर्लेत्ती होते. कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील विशिष्ट गोळ्यांना ज्यांचे नाव पुढे मिळाले ते फ्रिट्स लेव्ही होते. आणि सॉलोमन फुलर हे कृष्णवर्णीय डॉक्टरही होते. फुलर यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. त्यांचे आजोबा अमेरिकेत गुलाम होते. त्यांनी स्वतःची मुक्तता विकत घेतली व ते आफ्रिकेतील लायबेरिया देशात जाऊन राहिले. आईकडील आजोबा-आजी तेथे वैद्यकीय मिशनरी होती. १८७२ साली लायबेरियात जन्मलेले फुलर अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाले, म्युनिकला अल्झायमर यांच्या हाताखाली शिकले, आणि ह्या नव्या रोगाचा इंग्रजीतील पहिला सविस्तर आढावा १९१२ साली त्यांनीच लिहिला.

म्युनिकला आल्यावरही अल्झायमर आउगुस्तेबाईंस विसरले नव्हते. तिच्या प्रकृतीची विचारपूस ते करीत असत. शेवटी तिला कोणाशी बोलताही येईना, पाय पोटाशी घेऊन ती बिछान्यात पडून राही, पाठीस जखमा झाल्या व त्यांतून रक्तदोष होऊन ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा अंत झाला. सिओली यांनी रोगाची कागदपत्रे व मेंदू म्युनिकला पाठवून दिला.

त्या मेंदूचे परीक्षण करण्यास एक नवी पद्धत हाताशी होती. बर्लिनचे बील्शोव्स्की यांनी काही वर्षांपूर्वीच चांदीचा क्षार वापरून मज्जापेशींतील बारीक तंतू काळे करून दाखविण्याची युक्ती काढली होती. नुसत्या डोळ्यांना मेंदू सर्वत्र सारखा आक्रसलेला दिसत होता. कोठे गाठ नाही, कोठे मोठा रक्तस्राव नाही. परंतु चांदीच्या संस्काराने काळा झालेला काप काचेखाली येताच दोन विलक्षण गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, पेशींच्या आतील जे तंतू निरोगी मेंदूत केसाहून कितीतरी नाजूक असतात ते जाड होऊन एकमेकांस चिकटले होते व त्यांचे पीळदार गुंते झाले होते. कित्येक ठिकाणी तर पेशी पार नाहीशी होऊन, जळलेल्या दोराचा पीळ राहावा तसा नुसता गुंता तेवढा मागे राहिला होता. बाह्य कवचातील पेशींपैकी सुमारे पाव ते एकतृतीयांश पेशींत हा बिघाड आढळला. दुसरी गोष्ट म्हणजे पेशींच्या बाहेर, सर्व कवचभर, कसल्यातरी निराळ्या पदार्थाचे बारीक बारीक ठिपके साचलेले होते. असे ठिपके अतिवृद्ध माणसांच्या मेंदूत पूर्वी एकदोघांनी पाहिले होते. परंतु ते व गुंते, दोन्ही इतक्या विपुलतेने, तेही ५५ वर्षांच्या बाईच्या मेंदूत, हा प्रकार नवा होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे भरलेल्या मनोरोगतज्ज्ञांच्या परिषदेत अल्झायमर यांनी ही हकीकत वाचून दाखविली. सोबत चित्रेही होती. वाचन संपले, अध्यक्षांनी कोणास काही विचारावयाचे आहे काय म्हणून पाहिले, आणि एकही प्रश्न आला नाही. सभा पुढील विषयाकडे वळली. पुढच्या वर्षी तो वृत्तान्त छापला गेला तोही दोनतीन पानांचाच. ज्या व्याख्यानामुळे त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते ते त्या दिवशी कोणाच्या खिजगणतीतही नव्हते.

तथापि काम थांबले नाही. पेरुसिनी यांनी आउगुस्तेबाईंसह चार रोग्यांचे मेंदू तपासून १९०९ साली विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत ह्या विकारास अल्झायमरचा रोग असे नाव देऊन टाकले. एवढ्या थोड्या रोग्यांच्या आधारावर क्रेपेलिन यांनी इतकी घाई का केली ह्याविषयी पुष्कळ तर्क झाले आहेत. प्राग येथील प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेवर म्युनिकने कडी करावी हा हेतू असावा असे काहींचे म्हणणे आहे. त्या प्रागमध्ये ऑस्कर फिशर ह्या संशोधकांनी १९०७ सालीच १२ वृद्ध रोग्यांच्या मेंदूंतील ठिपक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. ह्या शोधाच्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा होता असे आमचे मत आहे. परंतु त्यांचे नाव पुढे मागे पडले. ते यहुदी होते, आणि १९४२ साली नाझींच्या तेरेझिन येथील बंदिवासात त्यांचा मृत्यू झाला.

स्वतः अल्झायमर यांस ह्या नामकरणाने भुरळ पडली नाही ही गोष्ट आम्हांस त्यांच्या चरित्रात फार मोलाची वाटते. १९११ साली त्यांनी योहान नावाच्या दुसऱ्या एका रोग्याची हकीकत छापली. त्याच्या मेंदूत ठिपके भरपूर होते, गुंते मात्र नव्हते. मग हा निराळा रोग कसा? म्हातारपणी होणाऱ्या बुद्धिभ्रंशाचेच हे लवकर आलेले रूप असावे आणि स्वतंत्र रोग म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा आपला कल त्यांनी मोकळेपणाने नमूद केला. आपल्या नावाचा रोग पाठ्यग्रंथात आला असता त्याच्या वेगळेपणावर आपणच शंका घेणारे किती निघतील? पुढे काळाने त्यांचीच बाजू बहुतांशी खरी ठरविली. १९६८ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथील संशोधकांनी वृद्ध रोग्यांचे मेंदू मोजूनमापून पाहिले तेव्हा ठिपक्यांची संख्या व बुद्धीचा ऱ्हास ह्यांचा संबंध दिसून आला. पन्नाशीतला रोग आणि ऐंशीतला रोग ह्यांच्या मेंदूतील खुणा त्याच, हे हळूहळू सर्वमान्य झाले. म्हणजे ज्याला आपण केवळ वय म्हणत होतो, तोही पुष्कळदा रोगच होता.

१९१२ साली कैसर दुसरा विल्हेल्म याच्या सहीने त्यांची ब्रेस्लाऊ विद्यापीठात मनोरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. हे शहर आज पोलंड देशात असून त्यास व्रोत्सवाफ म्हणतात. सन्मान मोठा, परंतु तिकडे जात असता प्रवासातच ते आजारी पडले. घसा सुजण्याचे निमित्त झाले, त्यातून मूत्रपिंडे व हृदय यांस विकार जडला. आज एखाद्या साध्या औषधाने तो कदाचित आटोक्यात आला असता. तेव्हा तसले औषध जन्मास आलेले नव्हते. तशा प्रकृतीतही त्यांनी तीन वर्षे अध्यापन व इस्पितळाचा कारभार ओढला. महायुद्ध सुरू झाले, साहाय्यक रणांगणावर गेले, काम दुप्पट झाले. शिष्य पेरुसिनी १९१५ साली इटलीच्या सैन्यात डॉक्टरीचे काम करीत असता मारले गेले. त्याच वर्षी, १९ डिसेंबर रोजी, अल्झायमर यांनीही देह ठेवला. वय ५१ वर्षांचे. आउगुस्तेबाई इस्पितळात आली तेव्हा तिचेही तेवढेच होते. फ्रांकफुर्ट येथे पत्नीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

ते ठिपके कशाचे हे ठरण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९८४ साली अमेरिकेत ग्लेनर व वाँग यांनी अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा तुकडा वेगळा केला. ठिपके त्याचेच असतात. गुंते टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे असतात हे त्यानंतर लवकरच कळले. अमायलॉइड उपसून काढणारी औषधे अलीकडे निघाली आहेत. त्यांपैकी लेकानेमॅब ह्या औषधास अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. परंतु ते ऱ्हासाची गती थोडी मंद करते, रोग बरा करीत नाही, आणि त्याने मेंदूस सूज किंवा रक्तस्राव होण्याचे भयही असते. जगात २०२१ साली बुद्धिभ्रंशाचे सुमारे ५ कोटी ७० लक्ष रोगी होते, व त्यांतील निम्म्याहून अधिकांस हाच विकार असतो. आपल्या देशात साठी उलटलेल्यांपैकी अदमासे ८८ लक्ष लोक बुद्धिभ्रंशाने ग्रस्त असल्याचे २०२३ सालच्या एका पाहणीत आढळले.

आउगुस्तेबाईंची कागदपत्रे मात्र कित्येक वर्षे कोणास सापडत नव्हती; तिला खरोखर हाच रोग होता काय, अशी शंकाही अभ्यासक काढू लागले होते. २१ डिसेंबर १९९५ रोजी प्राध्यापक कोनराड माउरर व त्यांचे सहकारी यांस फ्रांकफुर्टच्या इस्पितळाच्या दप्तरात निळ्या पुठ्ठ्याचे एक बाड मिळाले. त्यात ३२ पृष्ठे होती, अल्झायमर यांच्या हातची टिपणे होती, तिचे छायाचित्र होते, आणि तिने नाव लिहिण्याची खटपट केलेले कागदही होते. त्यानंतर दोनतीन वर्षांतच म्युनिकला तिच्या मेंदूच्या मूळ काचपट्ट्या हाती आल्या. मानुएल ग्रेबर व त्यांच्या साहाय्यकांनी त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. नव्वद वर्षांनंतरही त्यांवरचे रंग टिकून होते, आणि अल्झायमर यांनी लिहिल्याप्रमाणे ठिपके व गुंते दोन्ही जागच्या जागी होते.